उणे तीसमधला बंब

लालबागला सुट्टीवर आलो की अण्णाकाकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "काय रे, तुझा बंब काय म्हणतो?"

मी कॅनडातल्या विनिपेगमध्ये बॉयलर बसवतो हे काकांना अजून पटलेलं नाही. १९८२ च्या संपापर्यंत ते गिरणीच्या बॉयलरवर फायरमन, म्हणजे भट्टी सांभाळणारे, होते. ज्यात वाफ नाही तो बॉयलर नव्हेच, असं त्यांचं मत. एका अर्थी खरंही आहे. आमच्या बॉयलरमध्ये पाणी उकळतच नाही. साधारण ६० ते ८० अंशांपर्यंत तापतं, पंप ते घरभर फिरवतो, खिडकीखालच्या रेडिएटरमध्ये ऊब सोडून ते परत येतं.

मग बंबच की, म्हणाल. पण बंब उघडा असतो. वरून गार पाणी ओतलं की तोटीतून गरम येतं, कुठे काही अडत नाही. आमचं पाणी बंद नळ्यांत फिरतं. गार पाणी ८० अंशांवर गेलं की जवळजवळ ३ टक्के फुगतं, म्हणजे १०० लिटरमागे ३ लिटर. पाणी काही दाबून लहान होत नाही, मग ते ३ लिटर जाणार कुठे? त्यासाठी एक्स्पान्शन टँक. लोखंडी डबा, आत रबरी पडदा, पलीकडे हवा. घरगुती कामात त्या हवेचा दाब साधारण १२ पीएसआय (दाबाचं एकक) ठेवतात, आणि तपासायची ती पाण्याचा दाब उतरवून. नाहीतर गेज पाण्याचाच दाब दाखवतो आणि आपण खूश. टँक निकामी झाला तर शेवटचा राखणदार म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह, तो ३० पीएसआयला उघडतो. त्याची नळी खाली जमिनीकडे मोकळी सोडायची, वाटेत कॉक नाही, काही नाही.

एका तळघरात त्या नळीला चक्क बूच मारलेलं पाहिलं होतं. घरमालक म्हणाला, थेंब थेंब गळून फरशी खराब होत होती.

काकांचा कप बशीत आपटला. "बूच? अरे, व्हॉल्व्ह गळतो म्हणजे तक्रार सांगतोय. त्याचंच तोंड बांधतात होय?"

तिथल्या थंडीचं काकांना फार कौतुक नाही, पण वाचकांसाठी सांगतो. उणे ३० मध्ये वीज गेली आणि बॉयलर बंद पडला, तर नळीतलं पाणी गोठतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं आणि तांब्याची नळीही फोडतं. फुटल्याचं मात्र बर्फ वितळल्यावर कळतं. म्हणून गॅरेजसारख्या उघड्या भागातल्या पाण्यात ग्लायकॉल, म्हणजे पाणी गोठू न देणारं द्रव, मिसळतात. घरात प्रॉपिलीन ग्लायकॉल, कारण गाडीत घालतात ते एथिलीन विषारी. नव्या बॉयलरच्या धुरातली वाफही थंड होऊन पाणी होते. त्या पाण्याची नळी बाहेरच्या भिंतीवरून नेली की ती गोठते आणि ऐन कडाक्यात बॉयलर रुसतो. धुराड्याचं तोंडही साचणाऱ्या बर्फाच्या वर ठेवायचं. ते बुजलं तर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात. त्याला ना वास, ना रंग.

उन्हाळ्यात तिथेही पारा तिशीला टेकतो, तेव्हा गिऱ्हाईक म्हणतं, त्याच रेडिएटरमध्ये गार पाणी सोडा ना. मुंबईकराला याचं उत्तर शिकवावं लागत नाही. जुलैत फ्रिजमधली बाटली टेबलावर ठेवली की खाली तळं साचतं, तेच त्या रेडिएटरखाली होणार. ७ अंशांच्या पाण्याला फॅन कॉइल हवा, म्हणजे गार नळ्यांवरून पंख्याने हवा फेकणारी पेटी, त्याखाली ट्रे, ट्रेला निचऱ्याची नळी. नळ्यांवरच्या आवरणाला फट राहिली की तिथेच घाम फुटतो. आणि हे गार पाणी तापलेल्या ओतीव लोखंडाच्या बॉयलरमध्ये शिरता कामा नये, तडा जातो. म्हणून ऋतू बदलताना व्हॉल्व्ह फिरवून दोन्ही बाजू वेगळ्या करतात. मी व्हॉल्व्ह फिरवल्याच्या दुसऱ्याच सकाळी हटकून थंडी परत येते, हा माझा अनुभव.

एवढं सगळं काकांना ऐकवून आंघोळीला गेलो आणि दारातच थांबलो. न्हाणीघरात गॅसचा गिझर, आणि वरच्या झरोक्याला आतून फळी ठोकलेली. तिथे बर्फ, इथे कबुतरं.

गिझर तसाच बंद ठेवला. बॅगेतून कार्बन मोनॉक्साइडचा भोंगा काढला (काकूंसाठीच आणला होता) आणि बटण दाबून वाजवून दाखवला. शेजारचे दोघं दारात येऊन उभे. गिझर बाहेर गॅलरीत हलवायला प्लंबरला फोन केला. तोवर काका स्टुलावर चढून फळीचे खिळे उपटत होते, तोंडाने चालूच, "फायरमनच्या घरात झरोक्याला बूच! कुणी मारलं हे?"

"तुम्हीच," काकू आतून म्हणाल्या, "गेल्या श्रावणात."