सरळच तर चाललोय

काल रात्री परत जॉन एफ केनेडी ज्युनिअरच्या, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या मुलाच्या, विमान अपघाताचं वाचत बसलो आणि दोन कधी वाजले कळलंच नाही. १६ जुलै १९९९, हा स्वतःचं छोटं पायपर साराटोगा विमान उडवत न्यू जर्सीहून निघाला, सोबत बायको कॅरोलिन आणि तिची बहीण लॉरेन, आणि मार्थाज व्हिनयार्ड बेट अगदी जवळ आलेलं असताना विमान समुद्रात कोसळलं. तिघंही गेले.

लोक अजून शापित घराणं वगैरे बोलतात. मला त्यात काही रस नाही, कारण एनटीएसबीच्या (अमेरिकेत विमान अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) रिपोर्टमध्ये जे आहे तेच जास्त भयंकर वाटतं. मशीनमध्ये बिघाड सापडला नाही. पाण्यावर काळोख, त्यात धुरकट हवा, त्यामुळे आभाळ कुठं संपतं नि समुद्र कुठं सुरू होतो तेच दिसेना, आणि पायलटला आपण कसे उडतोय याचं भानच राहिलं नाही.

आता हे 'भान' म्हणजे काय, तर आपल्या कानाच्या आत बारीक नळ्या असतात, त्यातलं पाणी हललं की मेंदूला कळतं आपण वळतोय. पण एकाच वेगाने वळत राहिलं ना, की थोड्या वेळाने ते पाणीही सोबत फिरायला लागतं आणि मेंदू म्हणतो, सरळच तर चाललोय! विमान तिरकं झालेलं, नाक खाली जातंय, स्पीड वाढतोय, म्हणून माणूस घाबरून स्टिअरिंग मागे ओढतो, आणि पंख आधी सरळ न करता ओढलं की वळण अजूनच आवळतं. शेवटी ते विमान मिनिटाला ४,७०० फुटांहून जास्त वेगाने खाली येत होतं.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात २० पायलटांवर प्रयोग झाला होता, सगळे फक्त बाहेर बघून उडवणारे, त्यांना बाहेरचं दिसणं बंद केलं तर सरासरी १७८ सेकंदांत कंट्रोल गेला. तीन मिनिटंसुद्धा नाही!

बरं, केनेडी अगदी नवशिक्या होता असंही नाही, ३०० तासांच्या आसपास उड्डाण, हाच रूट बऱ्याचदा केलेला, रात्रीसुद्धा. फक्त बाहेर न बघता नुसत्या मीटरच्या काट्यांवर उडवायला जे इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे वेगळी परवानगी लागते त्याचं ट्रेनिंग अजून चालू होतं. आणि नियमाने त्या रात्री त्याला रेटिंगची गरजही नव्हती, व्हिजिबिलिटी कागदावर पुरेशी होती. मला विचाराल तर खरी गोम इथंच आहे, कारण कागदावरचे मैल मोजतात दिव्यांवरून, अन् भर समुद्रात दिवे कुठून आणणार?

विमानात ऑटोपायलट होता. निघायच्या आधी एका इन्स्ट्रक्टरने मी येतो सोबत म्हणून विचारलंही होतं. हा म्हणाला, नको, एकट्यानेच जायचंय.