धरणाच्या वरच्या अंगाला

अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाला फिरायला म्हणून फारसं कुणी जात नाही. भाचा नोकरीसाठी फार्गोला आहे, त्याने "मावशी, एकदा तरी या" असा लकडाच लावला, म्हणून आम्ही ऑगस्टात गेलो. फार्गोतले दिवस गप्पांत आणि सूनबाईच्या हातचं खाण्यात गेले. त्यातलं एकच सांगते. तिच्या ओट्यावर 'डकोटा मेड' नावाची कणकेची पिशवी होती. ती ज्या गिरणीतून येते ती राज्य सरकारची आहे, 1922 पासून ग्रँड फोर्क्सला चालू आहे. राज्याची स्वतःची बँकही आहे, 1919 सालची. गव्हाचे भाव मिनियापोलिसचे व्यापारी आणि रेल्वेवाले ठरवतात, आपण नुसतं पिकवतो, हे असह्य होऊन 1915 साली तिथल्या शेतकऱ्यांनी नॉनपार्टिझन लीग काढली, निवडणुका जिंकल्या आणि बँक, गिरणी दोन्ही उभ्या केल्या. रेड रिव्हरच्या खोऱ्यातले बीटापासून साखर करणारे कारखानेसुद्धा 1973 पासून शेतकऱ्यांच्याच सहकारी मालकीचे. सांगलीकडे साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावत वाढलेल्या बाईला हे ऐकून किती बरं वाटलं असेल बघा! पोळ्या मात्र जरा चिवट होतात. तिथला लाल गहू पावाचा, त्याला चिकटपणा फार.

मग आम्ही पश्चिमेला निघालो. आंतरराज्य 94 नंबरचा रस्ता, दोन्ही बाजूंना कापणीला आलेला गहू, मध्येच मैल-मैल सूर्यफूल, आणि दर काही मैलांवर रुळालगत धान्याची उंच कोठारं. गाव दिसायच्या आधी कोठार दिसतं. बिस्मार्कच्या पुढे उत्तरेला वळलं की जमीन हलके हलके उंचसखल होते आणि पवनचक्क्या सुरू होतात. अंडरवूडजवळ त्यांच्याच शेजारी कोळशाची खाण आणि कोल क्रीक नावाचं औष्णिक केंद्र आहे. लिग्नाइट म्हणजे ओलसर, हलका कोळसा. तो लांब वाहून न्यायला परवडत नाही, म्हणून खाणीच्या तोंडाशीच जाळतात आणि वीज तारांवरून मिनेसोटाला धाडतात. गहू बाहेर जातो, साखर बाहेर जाते, वीजही बाहेर जाते. हे राज्य दुसऱ्यांना पुरवण्यावर जगतं, हे गाडीच्या काचेतूनच कळतं.

स्टँटनजवळ नाइफ नदी मिसुरीला मिळते. तिथे हिदात्सा या मूळ रहिवासी जमातीची जुनी गावठाणं राष्ट्रीय स्मारक म्हणून जपलेली आहेत. गवतात नुसते गोल खळगे दिसतात, ओळीने, दाटीवाटीने. प्रत्येक खळगा म्हणजे एक घर. मातीने लिंपलेलं घुमटासारखं एक घर पुन्हा बांधून दाखवलंय, त्यात शिरलो तर बाहेरचं ऊन एकदम विसरायला झालं. पश्चिमेकडची वाट शोधायला निघालेले लुईस आणि क्लार्क 1804 च्या हिवाळ्यात याच भागात मुक्कामाला होते, त्यांच्यासोबत पुढे गेलेली साकाकाविया इथलीच रहिवासी. हिदात्सा, मंडान आणि अरिकारा हे तिन्ही समाज मुळात शेतकरी. नदीकाठच्या गाळाच्या जमिनीत मका, घेवडा, भोपळा, सूर्यफूल. शेती बायकांची, बी-बियाणं बायकांचं, घरही बायकांचं.

आणि मग मी त्यांचं पेव पाहिलं. दुसरा शब्दच नाही. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. खाली पोट मोठं, इतकं खोल की शिडी लागायची. आतून वाळलेल्या गवताचं अस्तर. कडेने मक्याच्या कणसांच्या वेण्या लावायच्या, मध्ये सोललेले दाणे ओतायचे, आणि वाळवलेल्या भोपळ्याच्या माळा अगदी मधोमध, म्हणजे भिंतीची ओल त्यांना लागत नाही. वर कातडं, गवत, लाकडं, माती. हिवाळ्यात सगळं गाव झाडीतल्या मुक्कामाला जायचं तेव्हा तोंडावर राख-कचरा पसरून जागा लपवायची, शत्रूला सापडू नये म्हणून. सांगलीशेजारी हरिपूरला हळद ठेवायची पेवं मी लहानपणापासून पाहिलीत. उघडल्यावर हवा खेळू दिल्याशिवाय आत उतरायचं नाही ही ताकीदही ऐकलीय. 2005 च्या महापुरात त्यातली बरीच गेली. इतक्या दूर, त्याच आकाराच्या खड्ड्याच्या काठावर उभी राहून मला घरच्यासारखं वाटलं, आणि पुढे जे पाहिलं ते म्हणूनच जास्त लागलं.

तिथून गॅरिसन धरण जवळच आहे. मातीचं धरण, सुमारे 2 मैल लांब, 210 फूट उंच; वरून हमरस्ता जातो. पाच जनित्रं, 583 मेगावॉट वीज. कोयनेच्या 1,960 च्या मानाने थोडी, पण पाणी? लेक साकाकाविया हा जलाशय सुमारे 178 मैल लांब पसरलेला आहे. लोक वॉलाय मासा धरायला बोटी घेऊन येतात. 1943 साली मिसुरीला मोठे पूर आले, ओमाहासारखी खालची शहरं बुडाली, 1944 साली कायदा झाला आणि धरणांची मालिका ठरली. खालच्यांना पुरापासून संरक्षण मिळालं. बदल्यात नॉर्थ डकोटाला दहा लाखांहून जास्त एकर सिंचनाचं वचन मिळालं होतं. 74 मैलांचा मॅक्लस्की कालवा खणला गेला, पण वचनातलं पाणी बहुतेक शेतांपर्यंत कधी आलंच नाही. धरण उशाला आणि कोरड घशाला, ते इथेही.

दुसऱ्या दिवशी न्यू टाउनला गेलो. फोर्ट बर्थोल्ड हे तिन्ही जमातींचं राखीव क्षेत्र, आणि बरोबर त्याच्याखाली बाकन तेलक्षेत्र. 2014 साली राज्यातलं उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांच्या वर गेलं होतं. रस्त्यावर टँकरमागून टँकर, माळावर मान हलवणारे पंप, आणि जळणाऱ्या वायूच्या ज्वाळा भर दिवसासुद्धा दिसतात. मुक्काम महागडा आणि कळकट. तेलाच्या कामगारांसाठी बांधलेल्या लॉजमध्ये पाहुण्याची कुणाला पडलेली नसते. शाकाहारी माणसाने इथे पाव आणि चीज यांच्याशी जमवून घ्यावं. प्रसिद्ध क्नेफ्ला सूप बटाट्याचं म्हणतात, पण रस्सा बहुधा कोंबडीचा असतो.

गावाच्या पश्चिमेला क्रो फ्लाइज हाय नावाची टेकडी आहे, वरून जलाशय आणि फोर बेअर्स पूल दिसतो. पाणी उतरलं की खाली जुन्या सॅनिश गावाचे चौथरे वर येतात. आम्ही गेलो तेव्हा एक आजी नातवाबरोबर आल्या होत्या. कुठून आलात, कुणाकडे आलात अशी विचारपूस झाली. मी म्हटलं, माझं आजोळ कोयनेच्या खोऱ्यात होतं, ते शिवसागर जलाशयात गेलं, आजी-आजोबांना सांगली जिल्ह्यातल्या माळावर जमीन मिळाली. त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मग आमच्या गाडीजवळ आल्या. तिकडचे आडरस्ते लाल मुरमाचे, बॉनेटवर बोटभर धूळ बसली होती. त्या धुळीत त्यांनी बोटाने नदीचं वळण काढलं.

"हे एल्बोवूड्स." एक टिंब. "हा दवाखाना. ही शाळा. हा पूल. हे आमचं घर, आणि ही आईची बाग." पलीकडच्या काठावर आणखी एक टिंब काढलं, ते मामाचं. उन्हाळ्यात पुलावरून जायचं, हिवाळ्यात बर्फावरून. पाणी चढलं तेव्हा त्या सहा-सात वर्षांच्या होत्या. घर ट्रकवर चढवून वर माळावर नेलं. खाली लाकूड फुकट होतं, काठातला कोळसा स्वतः खणून आणता यायचा, झाडी वारा अडवायची, जूनबेरी आणि हरणं दारात. वर नुसता वारा, आणि पाणी टाकीत भरून आणायचं. जलाशयाने राखीव क्षेत्राचे पाच तुकडे केले. मामाकडे जायला शंभर मैलांहून जास्त वळसा पडू लागला. "मामा गेला तेव्हा आई पोचली नाही," त्या म्हणाल्या. बागा गेल्या, डब्यातलं अन्न आलं आणि घराघरात मधुमेह आला. कबरीसुद्धा उकरून वर आणल्या. एल्बोवूड्सचा पूल सुटा करून न्यू टाउनला आणला, 1955 साली जोडला. समोर दिसणारा नवा पूल 2005 चा.

बुडालेल्या वस्त्या त्यांनी बोटांवर मोजून सांगितल्या: एल्बोवूड्स, निशू, बीव्हर क्रीक, लकी माउंड, रेड ब्यूट, इंडिपेंडन्स, शेल क्रीक, चार्जिंग ईगल. दीड लाखाहून जास्त एकर जमीन गेली, तीही सगळ्यात सुपीक. दहातली आठ कुटुंबं उठली. ज्या लाइक-अ-फिशहुक गावात 1837 च्या देवीच्या साथीतून वाचलेले हे लोक पुढे एकत्र आले होते, ते गावठाणही पाण्यात गेलं. आणि त्या पाण्याला नाव साकाकावियाचं! हे मला पटलं नाही, पटणारही नाही.

20 मे 1948 चा वॉशिंग्टनमधला एक फोटो आहे. अंतर्गत खात्याचे सचिव क्रुग ही जमीन धरणासाठी घेण्याच्या करारावर सही करताहेत, आणि शेजारी उभे असलेले जमातींच्या कौन्सिलचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट तोंडावर हात धरून रडताहेत. सूट घातलेला मोठा माणूस, सगळ्यांसमोर. 1851 चा फोर्ट लॅरामी करार आणि आमच्या जमातींची घटना, दोन्हींच्या या कराराने चिंध्या होताहेत, असं ते त्या दिवशी बोलले होते. भरपाई ठरली सुमारे 1 कोटी 26 लाख डॉलर. धरणाच्या विजेतला थोडा वाटा त्यांनी मागितला होता, तोही कायद्यातून गळाला. ती भरपाई अपुरी होती हे मान्य करून अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, आणखी 14 कोटी 92 लाख डॉलर मंजूर केले ते 1992 साली. एल्बोवूड्सच्या दवाखान्याच्या बदल्यात दवाखाना उभा राहिला 2011 साली.

मी त्यांना तेलाबद्दल विचारलं. पैसा आलाय, त्या म्हणाल्या, शिष्यवृत्त्या आहेत, नवे रस्ते आहेत. पण टँकरखाली माणसं मरतात, आणि भाडी अशी की आपल्याच गावात आपल्याला घर मिळत नाही. नातवाने बियाणं जपणाऱ्या कुणाकडून हिदात्सा मका आणून दोन वाफे लावलेत, ते सांगताना मात्र त्यांचा आवाज बदलला. वर माळावर कणीस भरतं का, असं मी विचारलं. "भरतं, पण हातभर उंचीचंच झाड." मग त्यांनी मला उलट विचारलं, तुमच्या आजीला वीज कधी मिळाली? मी खरं ते सांगितलं: धरणाच्या तारा डोक्यावरून मुंबईकडे गेल्या, आजीच्या घरात बरीच वर्षं कंदीलच होता, आणि कोयनाग्रस्तांचे प्रश्न अजून मिटलेले नाहीत, अजून मोर्चे निघतात. त्यांनी नातवाला हाक मारून हे सगळं त्याला पुन्हा सांगायला लावलं.

पुढे बॅडलँड्स पाहिले, थिओडोर रूझवेल्ट उद्यानात बायसनचा कळप रस्ता ओलांडताना पाहिला. सुंदर आहे, गर्दी नाही, नक्की जा. पण जाताना वाट वाकडी करून न्यू टाउनवरूनच जा, टँकरांचा त्रास सोसून. आणि माझी एक मागणी आहे. गॅरिसनच्या भिंतीवरून जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही टोकांना त्या आठही वस्त्यांची नावं ठळक अक्षरांत असावीत, मेगावॉटच्या आकड्याइतक्याच मोठ्या. शिवसागरात बोटिंगला जाणाऱ्यांनाही तिकिटाबरोबर खालच्या गावांची यादी हातात मिळायला हवी. माझ्या आजोळचं नाव तरी त्या निमित्ताने कुणी वाचेल.