स्विफ्टचे ब्रेक: दीड लिटर ऑइल ओतलं आणि हवा नव्हतीच

भावांनो, तीन आठवडे गप्प होतो कारण एका पेडलशी भांडत होतो. काल रात्री भांडण मिटलं, आज पहाटे फोंडा घाट उतरून परत चढून आलो, हात धुतले नाहीत अजून नीट पण आधी हे लिहितो.

गाडी तीच, 2012 ची पेट्रोल, एबीएस (चाक लॉक होऊ न देणारी सिस्टीम) नाही, मागं ड्रम, रोज कोल्हापूर ते कागल आणि रविवारी ऑटोक्रॉस (मैदानात शंकू लावून वेळेची शर्यत). मागच्या वेळी घाटात पेडल फ्लोअरला टेकलं होतं ते सांगितलंयच. पेडल दगडासारखं कडक असून गाडी थांबत नाही तर पॅड तापून त्यांची पकड सुटली, पेडलच खाली गेलं तर ऑइल उकळलं, आणि माझं उकळलंच होतं. डॉट 4 (ब्रेक ऑइलचा ग्रेड) नवं असताना 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही पण पाणी पिऊन बसलं की 155 वर येतं, आणि आमच्याकडचे पावसाळे त्यात किती पाणी घालतात ते काय सांगायचं. म्हणून डॉट 5.1 घेतलं (260 आणि 180), चारी ब्रेडेड होज (बाहेरून तारेची वीण असलेल्या ऑइलच्या नळ्या), पुढं नवे पॅड, मागं नवे लायनर (ड्रमला आतून घासणारे पट्टे). होज पाठवणाऱ्यानं तांब्याचे वॉशरच टाकले नव्हते, फोन केला तर म्हणे जुनेच वापरा. जुने? बँजो बोल्टला (होज जोडणारा पोकळ बोल्ट)? उद्यमनगरात चहाच्या पैशात मिळाले, पाठवायला काय जात होतं याचं.

सगळं बसवलं, पेडल दाबलं तर अर्ध्यापर्यंत काहीच नाही. दोनदा पंप केलं की वर यायचं. म्हटलं ऑइलच्या लाइनमध्ये हवा, ब्लीड करून (ऑइल बाहेर सोडून) काढू. मेहुण्याला सीटवर बसवलं, "दाब… धर… सोड", लांबच्या चाकापासून सुरू, पारदर्शक नळी, बाटली, सगळं रीतसर. एक बुडबुडा नाही. दुसऱ्या रविवारी परत, अर्धा लिटर अजून. तिसऱ्या रविवारी मेहुण्यानं पाय दुखतोय म्हणून येणंच टाळलं, मग बहिणीला बसवलं, तिनं त्याच्यापेक्षा चांगलं धरलं हे नोंदवून ठेवतो. तरी पेडल तसंच. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) डावा-उजवा उलटा बसलाय का तेही बघून झालं, निपल (हवा सोडायचा स्क्रू) वरच होतं दोन्हीकडं. मग मास्टर सिलिंडरवर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) संशय, कारण ब्लीड करताना पेडल तळापर्यंत दाबलं की जुन्या सिलिंडरमध्ये जिथं रबर कधी जात नाही तिथल्या गंजावर ते फाटतं. नवा मास्टर ऑर्डर करायला कार्टमध्येसुद्धा टाकला होता. एकेक चाक बंद करून बघावं म्हटलं तर ब्रेडेड होजला क्लॅम्प लावता येत नाही, आतली टेफ्लॉनची नळी चेपून कायमची जाते. म्हणजे अपग्रेडनंच टेस्टिंगची वाट बंद केली, घ्या.

शेवटी उद्यमनगरातल्या मामांकडं गेलो. ते आत्तापर्यंत जीप आणि टेम्पोच करत आलेत. बॉनेट उघडू दिलं नाही. म्हणाले, "हँडब्रेक ओढ. आता दाब." दाबलं. पेडल वर! दोन बोटं खाली गेलं आणि थांबलं, घट्ट. मी मामांकडं बघतोय, मामा चहाकडं.

हवा नव्हतीच हो. पेडल स्पंजी नव्हतं, लांब होतं, आणि मी तीन रविवार दोन्हीत गल्लत करत होतो. पंप केल्यावर दोन्ही वर येतात, पण हवेचं पेडल वर येऊनही दाबल्यावर लवतं, आणि माझं वर आल्यावर कडक व्हायचं. मागचे लायनर ड्रमपासून लांब बसले होते (हँडब्रेकनं ते टेकवले म्हणून पेडल वर आलं), पहिली अर्धी दाब नुसती ते अंतर भरण्यात जायची. आणि लांब का, तर मी लायनर बदलल्यावर हँडब्रेक ढिला वाटला म्हणून आधी केबलच आवळली होती. तीन खटक्यांत हँडब्रेक, इथं फोटोपण टाकला होता कौतुकानं, सहा जणांनी वा वा केलं! केबल ताणली की आतली लिव्हर तिच्या टेकूवर परत बसत नाही, लिव्हर बसली नाही तर ऑटो अ‍ॅडजस्टर (लायनरचं अंतर आपोआप कमी करणारा) दाता सरकवत नाही, मग पेडल दोनशे वेळा दाबा नाहीतर दोन हजार.

केबल पूर्ण ढिली केली, पेडल दाबत राहिलो, मागून कट्… कट्… असा आवाज यायला लागला तेव्हा अंगावर काटा आला खरंच. आवाज थांबल्यावर शेवटी केबल, आता सात खटक्यांवर लागतो आणि सातच बरा.

मागं डिस्क कन्व्हर्जन आणि पुढं मोठी डिस्क, हा प्लॅन होता ना, तो लिहिता लिहिता रद्द करतोय. 165 मिलिमीटर रुंदीच्या टायरवर चाक आत्ताच लॉक होतं, मोठी डिस्क गाडी लवकर थांबवणार नाही, फक्त उष्णता जास्त पचवेल, आणि शिवाय 15 इंची रिम घालायला लागणार. कोइम्बतूरजवळच्या कारी रेसट्रॅकसाठी (2.1 किलोमीटर, एकदा जायचंच आहे) बाहेरची गार हवा डिस्कपर्यंत नेली तर काम भागेल. फॉगलॅम्पच्या जागी जाळी आणि तिथून शेतीपंपाचा सक्शन पाइप. शाहूपुरीत फुटावर मिळतो. कुणी केलंय का, चाक पूर्ण वळल्यावर पाइप घासतो का?

आजच्या घाटात पेडल वरून खालपर्यंत एकसारखं. पण खाली उतरून टेंपरेचर गन लावली तर पुढची उजवी डिस्क 168 डिग्री आणि डावी 214. चकाकत्या डिस्कवर गन कमीच दाखवते, पण दोन्हीकडं सारखंच कमी दाखवेल ना. घरी येऊन डावा कॅलिपर उघडला, स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो, अडकली की पॅड घासतच राहतो) पिळून पिळून बाहेर काढली, तिच्यावरची रबराची टोपी फुगून डबल झालीय. मीच लावलं होतं, चासीचं ग्रीस, ज्यानं रबर फुगतं, डबा समोर होता म्हणून. पिन आत्ता टेबलावर आहे, सिलिकॉन ग्रीस आणि नवं रबर उद्या दुकान उघडलं की.