१ लाख ४२ हजार रनिंग आणि मामांचं 'हात लावू नका'

गाडीचा काटा जूनमध्ये १,४२,००० च्या पुढे गेला आणि तेव्हापासून आमच्या घरात जेवताना एकच विषय, हिच्यावर आता खर्च करायचा का हिला काढायची. गाडी बाबांची. २०१२ च्या दिवाळीत घेतलेली पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे जे काय रडगाणं आहे त्यात दोष वयाचा आहे, कंपनीला कशाला मधे ओढा. बाबांनी ड्रायव्हिंग सोडलं तेव्हा गाडी माझ्याकडे आली आणि गेली सहा वर्षं मी तिला कासारवडवली ते ऐरोली आणि ऐरोली ते कासारवडवली अशी रोज घासतेय. नवऱ्याचं मत ठरलेलं, "दीड लाख किलोमीटर व्हायच्या आत विकून टाक, नंतर भंगारवाला पण विचारणार नाही." एका डीलरने एक लाख पस्तीस हजार सांगितले होते, तेही तोंड वाकडं करून.

आता हा माझा रस्ता ज्याला माहितीये त्याला वेगळं सांगायला नको. घोडबंदर रोड, माजिवडा, कळवा, विटावा, मग ऐरोली, अंतर म्हणाल तर अठरा किलोमीटर आणि वेळ एक तास दहा मिनिटं, मेट्रोच्या बॅरिकेडने रस्ता अजून बारीक केला की त्याच्याही वर. म्हणजे सरासरी ताशी पंधरा. मी एकदा विटाव्याच्या रेल्वे पुलाच्या अलीकडे अडकलेली असताना मोबाईलवर हिशोब केला, माझ्या हातून साठेक हजार किलोमीटर झालेत, ताशी पंधराने धरले तर इंजिन चार हजार तास चाललंय. हेच साठ हजार हायवेवर ताशी साठने झाले असते तर फक्त एक हजार तास. काट्यावर आकडा तोच दिसणार! आणि आपण मात्र किलोमीटर बघून ऑइल बदलतो. माझ्या मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष असं लिहिलंय पण दोन पानं पुढे बारीक अक्षरात हेही लिहिलंय की सतत ट्रॅफिक, धूळ, लहान लहान फेऱ्या असं असेल तर लवकर बदला, आणि हे तर सगळं आमच्या ठाण्याचंच वर्णन आहे. तेव्हापासून मी पाच हजार किंवा सहा महिने करते. ऑइल लागतं जेमतेम तीन लिटर, त्यात काय एवढं.

असो. तर आधी मी गेले सर्व्हिस सेंटरला. तिथल्या मुलाने टॅबवर बोटं फिरवली आणि "मॅडम हाय रनिंग आहे, प्रिव्हेंटिव्ह पॅकेज करून घ्या" म्हणत एस्टिमेट दिलं ३१,४०० चं. इंजिन डीकार्ब (म्हणजे आत साचलेला कार्बन काढणं), इंजिन फ्लश (औषध घालून इंजिन आतून धुणं), इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडीची सफाई, आणि टायमिंग चेन किट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हची वेळ जुळवून ठेवणारी साखळी. बॉनेट उघडलंच नव्हतं हो अजून. मी विचारलं चेनचा आवाज येतोय का, तर म्हणे नाही, पण येऊ शकतो. येऊ तर काय पण शकतो.

मग वागळे इस्टेटला आमच्या गॅरेजवाल्या मामांकडे गेले. बाबांच्या वेळचे मामा, रोड नंबर २२ च्या मागे एका शेडमध्ये तीन गाड्या लावून बसतात. त्यांनी एस्टिमेट वाचलं, हसले, घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाले, "ताई, चालत्या इंजिनाला हात लावायचा नाय. जेव्हा काय होईल तेव्हा बघू."

हे ऐकायला फार गोड वाटतं, एकतीस हजार वाचतात. पण मला आमच्या भावजींची डिझेल गाडी आठवली. ते पण असंच चाललंय ना मग चालू दे करत होते, टायमिंग बेल्ट (चेनचंच काम करणारा रबरी पट्टा) बदलायचं किलोमीटर होऊन गेलेलं, आणि खालापूरच्या जवळ एक्सप्रेसवेवर बेल्ट तुटला. ना आवाज ना लाईट, इंजिन फक्त बंद. त्या इंजिनात बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांना भिडतात, सगळे व्हॉल्व्ह वाकले, हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग उतरवावा लागला आणि बिल झालं बहात्तर हजार. बेल्ट, त्याला ताणून धरणारा टेन्शनर, सगळं वेळेवर बदललं असतं तर आठ-दहा हजारात सुटले असते. ताई अजून तो आकडा काढते, विशेषतः भावजींनी नवीन मोबाईल घेतला की.

आमच्या गाडीत बेल्ट नाही, चेन आहे. हे प्रत्येकाने आपापल्या गाडीचं एकदा बघून ठेवावं, जुन्या सँट्रोत बेल्ट असायचा, मारुतीच्या १.२ के-सिरीजमध्ये किंवा ह्युंदाईच्या १.२ कप्पामध्ये चेन. चेन ऑइलमध्येच फिरते आणि तिचा टेन्शनरही ऑइलच्या प्रेशरवर चालतो, म्हणजे ऑइल वेळेवर बदलणं हीच तिची देखभाल. आणि ती सैल व्हायला लागली की सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड करते, ती आधी बरेच दिवस कुरकुर करते, एकदम जीव घेत नाही.

इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा नीट प्रकाश पडला. मी मामांना म्हटलं, मामा सगळं नका करू, पण जे न सांगता जाणारे तेवढं आत्ता बदलू आणि जे सांगून जाणारे ते सांगेल तेव्हा बघू. मामांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मग पाण्याचं बघावं लागंल." पाण्याचं म्हणजे कूलिंग.

आता मी ते सांगायला आले होतेच. भाच्याने मला एक ओबीडी डोंगल दिलंय, स्टीअरिंगखाली लावायचं आणि ब्लूटूथने मोबाईलवर इंजिनचं तापमान दिसतं. गाडी धावती असली की नव्वद-पंच्याण्णव, पण माजिवड्याला उभी राहिली की हळूहळू चढत १०४-१०५ पर्यंत जायचं, आणि एसीही कोमट व्हायचा. मी समजायचे उन्हाळा आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला तरी तेच, तेव्हा म्हटलं आता उन्हाळ्याचं नाव घेऊन चालणार नाही.

मामांनी इंजिन थंड होऊ दिलं, मला दोन चहा पाजले आणि मग रेडिएटरचं झाकण उघडलं. आतलं कूलंट हिरवं असायला हवं ना, ते वरणाच्या वाटीत तिखट सांडल्यासारखं दिसत होतं. मधे कधीतरी कोणीतरी साधं नळाचं पाणी टॉपअप केलंय (बाबा म्हणतात मी नाही, नवरा म्हणतो मी नाही, मी तर नाहीच). कूलंटमध्ये गंज न धरू देणारी जी द्रव्यं असतात ती दोन-चार वर्षांत संपतात, त्यात नळाचं पाणी पडलं की आत क्षार साचतात, आणि माझ्या इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, ते एकदा नीट तापलं की वाकतं, मग हेडखालचं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट जातं, मग तुम्ही आणि मेकॅनिक आणि बँक. वरच्या होस पाइपला मामांनी बोटांनी दाबायला सांगितलं. नवीन पाइप दाबला की रबरी बॉलसारखा परत येतो, हा क्लिपच्या जवळ कुरकुर वाजला, सादळलेल्या पापडासारखा आधी मऊ आणि मग आत काहीतरी तुटल्यासारखा. तो आवाज ऐकून मला खरं सांगते पोटात गोळा आला, कारण याच पाइपवर मी रोज माजिवड्याला उभी राहत होते.

आणि झाकणही सैल. हे झाकण म्हणजे नुसतं झाकण नसतं, ते सिस्टीममध्ये दाब धरून ठेवतं म्हणून कूलंट एकशेवीसच्या पुढे गेलं तरी उकळत नाही, स्प्रिंग ढिली झाली की दाब जातो आणि लवकर उकळी फुटते. अडीचशे रुपयांची वस्तू.

पण खरी मजा थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन तापलं की कूलंटला रेडिएटरकडे वाट उघडून देणारी झडप. काढला तर त्यावर ८२ आकडा कोरलेला, म्हणजे ८२ अंशाला उघडायला सुरुवात करणार. मामांनी काय केलं, चहाच्या स्टोव्हवर चहाच्याच टोपात पाणी ठेवलं, त्यात जुना आणि नवीन दोन्ही थर्मोस्टॅट तारेने लटकवले. मी वाकून बघत होते, पोरगा मोबाईलमध्ये शूटिंग करत होता. पाण्याला बारीक बुडबुडे यायला लागले तसा नवीनवाला हळूच उघडायला लागला, आतल्या मेणाच्या कॅप्सूलने दांडा ढकलला आणि खळखळून उकळी आली तोवर बोटभर खिडकी पूर्ण उघडी. जुना? उकळत्या पाण्यात दोन मिनिटं ठेवला तरी पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. म्हणजे माझं इंजिन गेले कित्येक महिने नाक दाबून श्वास घेत होतं. त्या टोपात परत चहा झाला का हे मी विचारलं नाही, पण त्या दिवशी तिसरा चहा मी घेतला नाही.

पाण्याचा पंप अजून गळत नव्हता. पण पंपाच्या खालच्या बारीक भोकापाशी वाळलेल्या कूलंटचा तांबूस-पांढरा ओघळ होता आणि पंप काढायला फॅन बेल्ट असाही उतरवायचाच होता, तर मजुरी एकदाच लागेल म्हणून पंप आणि बेल्ट दोन्ही बदलून टाकले. इथे मात्र मी मामांवर थोडी कुरघोडी केली, ते म्हणत होते अजून वर्षभर जाईल. जाईलही. पण माझं वर्षभर मला कशेडीच्या बोगद्यात संपायला नको होतं.

त्याच दिवशी कंप्रेशन टेस्ट करून घेतली, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब बनतो ते बघायचं, चारशे रुपये. मला वाटतं जुन्या गाडीवर पैसे घालायच्या आधी हीच पहिली करावी, कारण इंजिनचे पिस्टन-रिंगच गेले असतील तर पंप न् पाइप बदलून काय उपयोग. प्लग काढायचे, गेज लावायचा, स्टार्टर मारायचा. आकडे आले १७२, १६८, १७०, १६५ पीएसआय. चारही एकमेकांच्या जवळ म्हणजे ठीक, एखादा दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त खाली आला असता तर मी नवऱ्याचं ऐकलं असतं. ऑइल फिलरचं झाकण काढून आत टॉर्च मारला तर आत चहाच्या पातेल्याला येतो तसा तपकिरी रंग, काळी लापशी नाही. म्हणून फ्लश नको म्हटलं. वर्षानुवर्षांचा गाळ असेल तर फ्लशने सुटलेले तुकडे खालच्या ऑइलच्या जाळीत जाऊन बसायची भीती, आणि गाळ नसेल तर फ्लश कशाला? मला तरी यातलं तिसरं उत्तर कोणी दिलेलं नाही. डीकार्बलाही नाही म्हटलं, पिकअप आणि ॲव्हरेज दोन्ही ठीक आहे.

पेट्रोलचा रबरी पाइप मात्र बदलला. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि गाडी त्याच्या बऱ्याच आधीची. जुन्या रबराला ते कितपत मानवतं यावर व्हॉट्सॲपवर दोन्ही बाजूंचे विद्वान आहेत, मी पाइपवर बारीक भेगा बघितल्या आणि चर्चा थांबवली.

सगळं मिळून मामांचं बिल ८,६०० झालं. नवरा म्हणाला एक पस्तीसच्या गाडीवर साडेआठ हजार. मी म्हटलं तू गाडीच्या किमतीशी तुलना करतोयस, मी पुढच्या दोन वर्षांशी करतेय. आरसी २०२७ पर्यंत आहे, पंधरा वर्षं झाली की पुढे फिटनेस करून पाच वर्षांसाठी रिन्यू करायची, त्याची फी आता कारला पाच हजार आणि वर ग्रीन टॅक्स, तो विचार तेव्हा करू. तोपर्यंत महिन्याला चारशे रुपयेही पडत नाहीत. नवीन गाडीचा हप्ता किती बसतो ते त्यानेच काढलं होतं, मी फक्त तो कागद फ्रिजवर लावून ठेवला.

आणि मग गणपती. दरवर्षीप्रमाणे संगमेश्वरला गावी, पावणेतीनशे किलोमीटर, आणि दरवर्षीप्रमाणे माणगावात अडकलो. दीड तास. डोंगल समोर लावलेलं, ९४, ९६, फॅन लागला, ९२, परत ९५, नवरा रस्ता सोडून तेच बघत बसलेला. आमच्या पुढे एक गाडी बाजूला घेतलेली, बॉनेट वर, वाफ येतेय आणि एक काका हातात टॉवेल गुंडाळून रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेले. मी काच खाली करून जी काय ओरडले, "काका आत्ता उघडू नका, अंगावर येईल, अर्धा तास थांबा!" ते दचकून मागे झाले. आम्ही त्यांना डिकीतली कूलंटची अर्धी बाटली दिली, मोदकांचा डबा मात्र दिला नाही.

टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या सगळ्यात वरच्या झाकणाचं पॅकिंग अजून तसंच आहे. त्यातून तेल पाझरतं पण गिअरबॉक्सच्या बाजूला, सायलेन्सरवर पडत नाही हे मामांनी बघितलंय, आणि दर रविवारी मी डिपस्टिक बघते. पार्किंगमध्ये गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवलाय. आमचा वॉचमन दर दोन दिवसांनी सांगतो, "मॅडम, तेल टपकतंय." मी हो म्हणते आणि पुठ्ठ्यावरचे डाग मोजते. या आठवड्यात चार.