तुम्ही विचारलंत म्हणून: त्या रणगाड्याला डावीकडचा ट्रॅक का नाही?

घरी येणारा प्रत्येक माणूस विचारतो. चपला काढून आत आला, पाणी प्यायला, शोकेससमोर उभा राहिला की ठरलेलं वाक्य येतं, "अरे, याला एका बाजूची चेन नाही की!" गॅस सिलिंडर घेऊन येणाऱ्या पोऱ्यानेही विचारलं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर "हरवली असेल तर ऑनलाइन मिळते" असा सल्लाही दिला. चेन हरवलेली नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आहे, त्याच शोकेसच्या खालच्या कप्प्यात.

आजवर मी तीन उत्तरं दिली. पहिलं, "काम चालू आहे." हे दोन वर्षं चाललं. दुसरं, "मुद्दाम तसं ठेवलंय, ट्रॅक दुरुस्तीचा देखावा आहे." तिसरं नुसतं हसणं. यातलं दुसरं सगळ्यात लबाड, आणि सगळ्यात जास्त दाद त्यालाच मिळाली.

मॉडेल टी-७२ चं आहे, आपल्याकडे ज्याला 'अजेय' म्हणतात तो. माप १:३५. खरा रणगाडा तोफ पुढे धरून साडेनऊ मीटर, माझा सत्तावीस सेंटिमीटर. या मापावर आमच्या छंदातले लोक जीव टाकतात. हँडल अर्धा मिलिमीटर जाड झालं तर वाद घालतात, मीही घातलेत. मूळ गोष्ट मात्र अशी की साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने पँथर रणगाड्याचं मॉडेल काढलं, त्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्यात म्हणून अमुक आकार ठेवला, आणि मागाहून मोजलं तर ते खऱ्याच्या साधारण पस्तिसाव्या भागाएवढं भरलं. म्हणजे आमचा अचूकतेचा सगळा सोवळेपणा बॅटरीच्या डब्यावर उभा आहे. हे मला पूर्वीपासून माहीत होतं. तरी माज कमी नव्हता.

तो डावा ट्रॅक नेमका काय होता ते सांगतो, नाहीतर "एवढं काय त्यात" असं वाटेल. मॉडेलच्या डब्यात रबरासारखा एकसंध पट्टा आला होता. तो मला नको होता. मी सुट्या लिंकांचा सेट वेगळा मागवला. दोन्ही बाजूंच्या मिळून दोनशेला थोड्या कमी. प्रत्येक लिंक स्प्रूवरून, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून, निपरने कापायची, उरलेला डाग ब्लेडने काढायचा, सहाशेच्या पॉलिश पेपरवर घासायची, पुढच्या लिंकमध्ये बसवायची. ऑफिसमधून आल्यावर रात्री दहा ते बारा. बायको म्हणायची, "मेथी निवडायला बसतोस तसा बसतोस, पण मेथी निवडायला कधी बसत नाहीस." टी-७२ ला वरच्या बाजूला तीन छोटी चाकं असतात, त्यांच्यावरून ट्रॅक जातो, तो दोन चाकांमध्ये किंचित झोळला पाहिजे. ती झोळ मी फोटो समोर ठेवून साधली. गंमत म्हणजे वरून रबरी झालर बसवली की झोळ दिसतच नाही. आपल्याला माहीत असतं, बास.

एक हिशेब मी त्याच दिवसांत केला होता. लांबी पस्तिसाव्या भागाची तर वजन पस्तीसच्या घनाने कमी व्हायला हवं. चाळीस टनांहून जड गाडी त्या हिशेबाने एक किलोच्या आसपास येते. माझं प्लास्टिक त्याच्या पावपटही भरलं नसतं. तेव्हा या गोष्टीला मी काही किंमत दिली नाही.

आता दाजी. ताईचे यजमान. वयाच्या अठराव्या वर्षी भरती झाले, नगरला आर्मर्ड कोअरच्या, म्हणजे लष्कराच्या रणगाडा दलाच्या, सेंटरमध्ये ट्रेनिंग घेतलं आणि पुढची कित्येक वर्षं टी-७२ चालवला. मी कॉलेजात असताना त्यांनीच मला नगरचं रणगाडा संग्रहालय दाखवलं. तिथल्या पॅटन रणगाड्याभोवती मी तासभर फिरत होतो आणि दाजी झाडाखाली बसून तंबाखू मळत होते. दुसऱ्याच्या रणगाड्यात त्यांना रस नव्हता. त्यांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं पुरती वळत नाहीत. "गाडीत अडकली होती" एवढंच घरात सांगितलेलं. मी त्यांना इंजिन किती हॉर्सपॉवरचं, तोफ किती मिलिमीटरची, आत गोळे किती, हे शंभरदा विचारलं असेल. बोटांचं कधीच विचारलं नाही.

त्या वर्षी भाऊबीजेला ताई-दाजी आमच्याकडे आले. रणगाडा नुकताच पूर्ण झाला होता. ओवाळणी झाली, फराळाची ताटं आली, आणि मी तो आणून टीपॉयवर ठेवला. खोटं कशाला बोलू, मला शाबासकी हवी होती, आणि ती याच माणसाकडून हवी होती.

दाजींनी चष्मा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डावीकडं काजळी धरलीयस. बरोबर. सायलेन्सर तिकडंच." मला आभाळ ठेंगणं झालं. मग त्यांनी मागचा लाकडी ओंडका बोटाने दाखवला आणि ताईला सांगायला लागले, की गाडी चिखलात रुतली की हा ओंडका दोन्ही ट्रॅकला आडवा बांधायचा, ट्रॅक फिरला की ओंडका खाली जातो, गाडी त्याच्यावर चढून बाहेर येते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हे ताईही पहिल्यांदाच ऐकत होती.

मग चुका सुरू झाल्या. "एवढा गंज कशाला? असली गाडी परेडला आणली असती तर आमच्या साहेबांनी आम्हालाच घासून काढलं असतं." मी म्हणालो, मॉडेलमध्ये असं दाखवतात, त्याला वेदरिंग म्हणतात. "दाखवत असतील. पण चालत्या गाडीचा ट्रॅक गंजतो कुठं? घासून चकचकतो तो." हे खरं होतं. मला ते लागलं. मी महिनाभर गंज रंगवला होता.

मग त्यांनी रणगाडा उचलला. "हलकाय रे," म्हणाले. आणि डावीकडची झालर, जी मी नुसती अडकवून ठेवली होती, काढून बाजूला ठेवली. "टेन्शन जास्त झालंय. पुढचं चाक जरा मागं घ्यायला पाहिजे." मी सांगितलं, चाक चिकटवलंय, हलत नाही. ते ऐकतच नव्हते. त्यांचं लक्ष पूर्ण ट्रॅकमध्ये गेलं होतं. "पिन कुठंय याची? पिन दाखव, तोडून दाखवतो कसं करतात," असं म्हणत त्यांनी अंगठा आणि करंगळीजवळच्या बोटात तो ट्रॅक धरला. मागच्या दातेरी चाकाशी कट्ट आवाज झाला आणि लिंका सुटल्या. काही टीपॉयवर, काही सतरंजीवर, तीन दाजींच्याच चिवड्याच्या ताटलीत.

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहितो, कारण ते न लिहिता या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. मी म्हणालो, "अहो, बोटं वळत नाहीत तर हात कशाला लावता?"

कुणी काही बोललं नाही. दाजींनी चिवड्यातल्या तिन्ही लिंका वेचल्या, तळहातावर घेऊन त्यांच्यावरचं मीठ-हळद फुंकरीने उडवली आणि टीपॉयच्या कडेला एका ओळीत लावून ठेवल्या. मग "चहा टाकतेस का?" असं माझ्या बायकोला म्हणाले.

रात्री स्वयंपाकघरात ताईने सांगितलं. राजस्थानात सराव होता, गाडीचा ट्रॅक तुटला. जोडताना दोन टोकं ओढून एका रेषेत आणायची असतात, मग पिन घालून घणाने ठोकायची. टोक सरकलं आणि बोटं मध्ये सापडली. "गाडीत अडकली म्हणजे तेच," ताई म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

माझी बाजूही ऐका. कुठल्याही मॉडेलवाल्याला विचारा, दुसऱ्याच्या मॉडेलला न विचारता हात लावायचा नसतो. मी दोनदा सांगितलं होतं की चाक हलत नाही. तीन महिन्यांचं काम तुमच्या डोळ्यांसमोर चिवड्यात पडलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात? मला बोटांची गोष्ट माहीतही नव्हती. हे सगळं खरं आहे आणि हे सगळं मी स्वतःला पुष्कळदा ऐकवलंय. पण माहीत नव्हतं कारण विचारलं नव्हतं. झोळ बरोबर यावी म्हणून मी रात्र-रात्र फोटो ताणून बघत होतो आणि ती गाडी चालवलेला माणूस तीन तासांवर राहत होता. त्याला एक फोन केला नाही.

वर म्हटलेल्या त्या लबाडीबद्दलही सांगतो. पुढच्या वर्षी एका प्रदर्शनात मी तो रणगाडा तसाच नेला. झालर काढलेली, डावा ट्रॅक नाही, पाच-सहा लिंका वाळूवर पसरलेल्या. पुठ्ठ्यावर लिहिलं, 'ट्रॅक दुरुस्ती, वाळवंट'. लोक थांबून बघत होते. एका परीक्षकाने पाठीवर थाप मारली, म्हणाला, "यात गोष्ट आहे." मी "थँक यू" म्हणालो. कोणाची गोष्ट, ते मी सांगितलं नाही.

त्यानंतर बाजूला एक जवान उभा करावा असंही डोक्यात आलं. त्याच मापाचे पुतळे मिळतात. आणला, डोकं-धड जोडलं. उजवा हात जोडायची वेळ आली तेव्हा बोटं कशी ठेवायची ते कळेना. तो बिनहाताचा जवान श्रीखंडाच्या डब्यातच आहे.

ट्रॅक परत लावायला एक रविवार पुरेल. लिंका मोजल्यात, चार कमी आहेत, पण सेटमध्ये जादाच्या होत्या. बायको म्हणते, लावून टाक, नाहीतर टाकून दे. कधी वाटतं, दाजींना बोलवावं, दोघांनी मिळून लावावा. लगेच वाटतं की हा माझाच नवा देखावा होईल, यावेळी पुठ्ठ्याशिवाय. आणि त्यांना ते आवडेल असं मी कशावरून धरतो? दाजींनी तो विषय परत काढलेला नाही. फोनवर आम्ही पावसाचं बोलतो, सोयाबीनच्या भावाचं बोलतो. संबंध उत्तम आहेत, असं कोणीही म्हणेल.

गेल्या भाऊबीजेला ते आले तेव्हा बरोबर भाचीचा चार वर्षांचा मुलगा होता. तो सरळ शोकेसपाशी गेला आणि त्याने काच सरकवली. दाजी मागे उभे होते, दोन्ही हात पाठीशी बांधलेले.

"हात लावायचा नाही हां," ते त्याला म्हणाले. "मामाआजोबांचं आहे ते."