नाव पुसलेला कॅमेरा

"भाऊ, हिटलरच्या फौजेचा पीस आहे. घेऊन टाका."

इतवारीत जुन्या सामानाच्या दुकानात आज एक सोनेरी 'लायका' हातात आला, म्हणजे तो नामी जर्मन कॅमेरा. वर १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकची पाच कडी, शेजारी जर्मन वायुदलाचा गरुड. एकाच कॅमेऱ्यावर दोन्ही! तिथंच शंका आली.

लेन्स फिरवून काढली. आत वरच्या बाजूला लेन्सला टेकणारा छोटा दांडा असतो. खऱ्या लायकात त्याच्या टोकाला गोल चाक. इथे पाचरीसारखं टोक. म्हणजे लायकासारखेच दिसणारे सोव्हिएत कॅमेरे, झोर्की नाहीतर फेड. वरून मुलामा.

"काका, हा लायका नाही."

काकांनी चश्मा कपाळावर चढवला. "पण फोटो तर काढते ना?"

शटर दाबलं. खट्! एकदम ठणठणीत.

ते वाक्य काही डोक्यातून जाईना. झोर्की तसा वाईट कॅमेरा नाहीच. १९४८ पासून मॉस्कोजवळ क्रास्नोगोर्स्कला बनायचा, लायकाच्या धर्तीवर, पण स्वतःचं नाव लावून. कोणीतरी ते नाव घासलं, दुसरं कोरलं, अन् चांगला कॅमेरा खोटा झाला.

काका सोळा हजारांवरून तीन हजारांवर आले. मी उठून आलो.

बाराशेला दिला असता का हो?