उजव्या पायाची वही: रिअर-व्हील ड्राइव्हचे पहिले आठ महिने

गाडी घेऊन आठ महिने झाले. सहा सिलेंडरचं तीन लिटर टर्बो इंजिन, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क (म्हणजे फिरवण्याचा जोर), हाताने टाकायचे सहा गिअर, आणि सगळी ताकद मागच्या दोन चाकांना. त्याआधी अकरा वर्षं मी पुढून ओढणाऱ्या गाड्या चालवल्या. मागून ढकलणारी ही पहिलीच. पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली आहे आणि ही नोंद तिच्यातूनच काढली आहे. ज्यांनी अशी गाडी नुकतीच घेतली आहे किंवा घ्यायच्या विचारात आहेत, त्यांना यातलं काही आधीच कळलं तर बरं.

पहिला महिना

नवव्या दिवशी पाऊस पडून गेला होता. चौकातून वळत होतो, दुसरा गिअर, वेग ताशी ३५ किलोमीटर. जुन्या गाडीत वळण संपत आलं की जेवढी रेस द्यायचो, तेवढीच दिली. क्षणभर काहीच झालं नाही, म्हणून पाय अजून थोडा दाबला. तेवढ्यात टर्बो भरला आणि सगळा जोर एकदम आला. मागचा भाग बाहेर सरकला. घाबरून मी पाय झटकन काढून घेतला, तशी गाडी उलट्या बाजूला फेकली गेली. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा फडफडत होता, कुठलंतरी एक चाक आपोआप ब्रेक लागून घरघरत होतं, आणि स्टॅबिलिटी कंट्रोलने, म्हणजे घसरणारी गाडी आपोआप सावरणाऱ्या यंत्रणेने, गाडी सावरली. मी मधल्या पट्ट्यावर तिरका उभा होतो. समोरून कुणी येत नव्हतं.

गाडी कडेला घेतली आणि हात शांत होईपर्यंत तिथेच बसून राहिलो. त्या रात्री वहीत गणित मांडलं. ते इथे देतो, कारण माझी समजूत खऱ्या अर्थाने बदलली ती त्या गणिताने.

४०० न्यूटन-मीटर पहिल्या गिअरमधून (३.६ पट) आणि मागच्या डिफरन्शियलमधून, म्हणजे दोन मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीतून, (३.५ पट) गेले की मागच्या चाकांवर ५,०४० न्यूटन-मीटर पोचतात. चाकाची त्रिज्या साधारण ३३ सेंटिमीटर धरली, तर रस्त्याला मागे ढकलणारा जोर झाला सुमारे १५,००० न्यूटन. आता टायर किती झेलू शकतात ते पाहू. माझ्यासकट गाडी १,६०० किलोची, निम्मं वजन मागे, आणि वेग घेताना थोडं आणखी मागे जातं. कोरड्या रस्त्यावर चांगले टायर जेमतेम ९,५०० न्यूटन झेलतील. ओल्या रस्त्यावर ग्रिप निम्मी झाली, तर ४,३०० च्या आसपास.

म्हणजे पहिल्या गिअरमध्ये ओल्या रस्त्यावर पूर्ण रेस दिली, तर टायरच्या कुवतीच्या साडेतीन पट जोर तिथे जातो. दुसऱ्या गिअरमध्येही दुपटीहून जास्त. वही बंद करण्याआधी तिसरा आणि चौथाही करून बघितला: ६,८०० आणि ५,१००. चौथ्या गिअरमध्येसुद्धा ओल्यात चाकं सुटू शकतात! आणि हा सगळा हिशोब सरळ रस्त्याचा आहे. वळणात टायर आधीच गाडीला आत धरून ठेवण्यात गुंतलेला असतो.

दुसरा महिना

टायर बघितले. नक्षी भरपूर शिल्लक होती म्हणून आधीच्या मालकाने चांगले आहेत म्हणून सांगितलं होतं आणि मीही मान डोलावली होती. टायरच्या कडेला कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे तो कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते. मागचे दोन्ही टायर सात वर्षांचे निघाले. नखाने दाबून पाहिलं तर रबर दाबलंच जाईना. चारही बदलले, एकाच मेकचे, एकाच नमुन्याचे. हवा टायर थंड असताना, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, दर पंधरवड्याला. यापुढे यावर काही लिहीत नाही, पण ज्याच्याकडे अशी गाडी आहे त्याने पहिला खर्च इथे करावा, एक्झॉस्टवर नाही.

दिव्याची मोजणी

याच महिन्यात स्टॅबिलिटी कंट्रोलचा तो पिवळा दिवा किती वेळा लागतो ते मोजायला लागलो. गाडी बंद केली की वहीत तारीख, रस्ता ओला की कोरडा, दिवा किती वेळा लुकलुकला आणि त्या वेळी माझा पाय काय करत होता. पहिल्या पूर्ण आठवड्याचा आकडा २३ होता. त्यातले बहुतेक वळणातून बाहेर पडताना, दुसऱ्या गिअरमध्ये, जास्त रेस दिल्यामुळे. ते अपेक्षितच होतं.

अपेक्षित नव्हते ते सहा. त्या सहाही वेळा मी रेस दिली नव्हती, सोडली होती. लांब वळणात वेग जरा जास्त वाटला म्हणून पाय उचलला, आणि दिवा लागला. नवव्या दिवशीची घटना मग नव्याने आठवली. रेसने मागचा भाग बाहेर गेला होता हे खरं, पण उलट फेकली गेली ती मी पाय झटकून काढल्यामुळे.

कारण साधं आहे. पाय उचलला की इंजिन गाडीला मागे ओढतं, वजन पुढच्या चाकांवर झुकतं आणि मागची चाकं हलकी होतात. पुढची पकड वाढली, मागची कमी झाली, आणि गाडी वळणाच्या आत नाक खुपसते. मागच्या चाकांच्याही मागे इंजिन असलेल्या पोर्शे ९११ मध्ये ही खोड इतकी तीव्र होती की १९६९ च्या मॉडेलसाठी कंपनीने पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५७ मिलिमीटरने वाढवलं. माझ्या गाडीचं इंजिन पुढे आहे, तरी नियम तोच. मी इतके दिवस पाय कसा दाबायचा एवढंच शिकत होतो. उचलायचा कसा, हा विचार मनाला शिवलाच नव्हता.

चौथा महिना: स्किडपॅड

बंद मैदान, ३० मीटर त्रिज्येचं गोल, पाण्याचे फवारे आणि शेजारी प्रशिक्षक. आठ महिन्यांत सगळ्यात जास्त याच दिवशी शिकलो.

पहिला अर्धा तास गाडी सुरूच केली नाही. फक्त बसायचं कसं. पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आरामात पोचलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला हवा. हात नऊ आणि तीनवर. मी आजवर बरंच मागे रेलून बसायचो. पुढे सरकून बसल्यावर कळलं की मागची चाकं सुटायला लागली की आधी कमरेला कळतं, डोळ्यांना नंतर. पाठ सीटला नीट टेकलेली नसेल तर ती खबर पोचतच नाही.

मग प्रशिक्षकांनी स्टिअरिंगच्या माथ्यावर, बरोबर बारा वाजण्याच्या जागी, पिवळ्या टेपची बोटभर पट्टी लावली. "गाडी फिरायला लागली की चाकं सरळ कुठे आहेत हे डोकं विसरतं. ही पट्टी विसरत नाही." घरी आल्यावरही ती मी काढलेली नाही.

फवाऱ्याखाली गोल फिरायला सुरुवात केली. ग्रिप निम्मी धरली तर गणिताने या गोलात वेगाची हद्द ताशी ४४ च्या जवळ येते. काटा ४२ वर होता तेव्हा सगळं शांत होतं. ४५ ला स्टिअरिंग हलकं झालं आणि गाडी गोलाच्या बाहेर रुंद जाऊ लागली. हे अंडरस्टिअर, जुन्या गाड्यांमुळे ओळखीचं. मग स्टॅबिलिटी कंट्रोल बंद केलं (फक्त तिथे, मोकळ्या मैदानात आणि शेजारी शिकवणारा माणूस असताना) आणि रेस वाढवली. मागचा भाग बाहेर. पहिल्या दहा प्रयत्नांत सात वेळा गाडी पूर्ण गिरकी घेऊन उलटं तोंड करून थांबली.

प्रत्येक वेळी चूक एकच. घसरण सुरू झाली की मी स्टिअरिंग उलट फिरवत होतो, ते बरोबर, पण त्याच क्षणी पाय दगडासारखा वर येत होता. आठव्या प्रयत्नानंतर प्रशिक्षकांनी गाडी थांबवायला लावली.

"पाय काढताय तुम्ही. काढू नका, सोडा. श्वास सोडता ना, तसा."

नुसतं बसून, इंजिन बंद ठेवून, मी वीसेक वेळा तेवढंच केलं. टाच खाली टेकलेली, पंज्याने पेडल हळूहळू वर येऊ द्यायचं. पेडलच्या पूर्ण प्रवासातला चौथा हिस्सा सोडायचा, सगळा नाही. मागच्या चाकांवर थोडं वजन राहील इतकी रेस ठेवायची आणि चाकांचं फिरणं थांबेल इतकी कमी करायची. या दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद आहे, पण आहे.

दुसरी चूक हातांची होती. गाडी सावरली की स्टिअरिंग परत सरळ आणायला उशीर व्हायचा. मागच्या चाकांनी अचानक पकड घेतली आणि पुढची चाकं अजून उलटी वळलेली असली, की गाडी झोपाळ्यासारखी दुसऱ्या बाजूला जाते, आणि तो दुसरा झोका पहिल्यापेक्षा जोरात असतो. यावर उपाय नजरेचा. ज्या दिशेला जायचं आहे तिकडे बघत राहिलं तर हात आपोआप वेळेवर परत येतात. मी बॉनेटकडे बघत होतो. गोलाच्या पलीकडच्या बाजूला उभ्या केलेल्या शंकूकडे बघायला लागलो आणि फरक लगेच पडला.

शेवटच्या दहांत गिरकी दोनदाच. त्या दोन वेळी गाडी ९० अंशांच्या पुढे गेली होती, आणि तिथे सावरायचा हट्ट करायचा नाही हेही शिकवलं: क्लच आणि ब्रेक दोन्ही तळापर्यंत, गाडी थांबेपर्यंत.

संध्याकाळी स्टॅबिलिटी कंट्रोल चालू करून तेच सगळं पुन्हा केलं. स्टिअरिंगवरून मला कुठे जायचं आहे ते आणि सेन्सरवरून गाडी खरंच किती फिरते आहे ते ही यंत्रणा सतत ताडून बघते, आणि मागचा भाग बाहेर गेला की वळणाच्या बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक एकट्याने ब्रेक करते. चार चाकांना वेगवेगळा ब्रेक लावणं कोणत्याही पायाला शक्य नाही. बॉशबरोबर विकसित केलेली ही यंत्रणा मर्सिडीज-बेंझच्या एस-क्लास कूपेत १९९५ मध्ये आली, आणि युरोपात नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या गाडीत सक्तीची आहे. ती बंद केल्याशिवाय खरं ड्रायव्हिंग नाही, असं म्हणणारे मला भेटतात. सार्वजनिक रस्त्यावर ती बंद करणं मला चूक वाटतं, आणि स्किडपॅडवर जाऊन आल्यापासून तर पूर्ण खात्रीने.

पाचवा ते सातवा महिना

रस्त्यावर एकच क्रम घोटला. ब्रेक वळणाआधी संपवायचा, गिअर वळणाआधी टाकायचा, वळणात पाय पेडलवर स्थिर आणि हलका, आणि स्टिअरिंग जसजसं उघडेल तसतशी रेस. स्टिअरिंगची कड आणि उजव्या पायाचा अंगठा एका दोरीने बांधले आहेत असं समजायचं, ही रेसिंग शाळांतली जुनी युक्ती. हात वळलेला असेल तर अंगठा खाली जाऊ शकत नाही.

या दोरीमागचं गणित मला फार आवडलं. टायरची पकड एक वर्तुळ मानली, तर वळण्यात पूर्ण १०० टक्के गेली असताना रेससाठी शून्य उरतं. पण वळण्यातला वाटा ९० टक्क्यांवर आला की रेससाठी १० नाही, जवळजवळ ४४ टक्के मोकळे होतात, कारण हिशोब वजाबाकीचा नाही, काटकोन त्रिकोणाचा आहे. ७० वर आलं की ७१. म्हणून स्टिअरिंग चार बोटं उघडेपर्यंत थांबणाऱ्याला पुढे भरपूर रेस देता येते, आणि अर्धा सेकंद घाई करणाऱ्याचा दिवा लागतो. माझ्या वहीतले वळणानंतरचे दिवे या अर्ध्या सेकंदाचेच होते.

मोजणी आता अशी: कोरड्यात सलग पाच आठवडे शून्य. ओल्यात आठवड्याला एक किंवा दोन. मुद्दाम सांगतो, वेग कमी करून हे झालेलं नाही. त्याच रस्त्यावर मी पूर्वीइतकाच वेळ घेतो. बदलली आहे ती पायाची चाल.

आठवा महिना

अजून न जमलेली गोष्ट म्हणजे खालचा गिअर टाकणं. ओल्या उतारावर तिसऱ्यातून दुसरा टाकला आणि क्लच पटकन सोडला. इंजिनचे फेरे कमी होते, त्यामुळे मागची चाकं क्षणभर अडली आणि चर्रकन आवाज आला. ब्रेक ओढल्यासारखंच, पण फक्त मागच्या दोन चाकांना. सरळ रस्ता होता म्हणून निभावलं. ब्रेक दाबत असताना त्याच पायाने रेसचा झटका देऊन फेरे जुळवणं, म्हणजे हील-अँड-टो, उभ्या गाडीत जमतं. चालत्या गाडीत झटका दिला की ब्रेकवरचा दाब हलतो. तोवर ओल्या रस्त्यावर नियम केला आहे: वेग आधी ब्रेकने पूर्ण उतरवायचा, मग गिअर, आणि क्लच सोडायला पूर्ण एक सेकंद.

पुढच्या महिन्यात स्किडपॅडवर दुसरी फेरी आहे. या वेळी गोल नाही, डावं-उजवं लागोपाठ वळण, कारण वजन एका बाजूवरून दुसऱ्या बाजूला जाताना पाय काय करतो ते बघायचं आहे. मागच्या टायरची नक्षी काल मोजली, ५ मिलिमीटर. ३ वर आली की पावसाची वाट न बघता बदलणार. पिवळ्या टेपची एक बाजू सुटायला लागली आहे, ती जाण्याआधी नवी लावून घेतो.